सरांबरोबर लेणी : माजी विद्यार्थ्यांच्या अभ्यास-सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर, नाशिक, वेरूळ, अजिंठा. मंगळवारी पहाटे पुण्याहून निघायचं, रविवारी रात्री परत. अठ्ठावीस माजी विद्यार्थी आणि दोन शिक्षक: प्राचीन भारतीय संस्कृती शिकवून निवृत्त झालेले सर आणि भूशास्त्राच्या मॅडम. जानेवारीचं पत्रक बाहेर पडलं की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून या वर्षी उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

ही सहल आहे की वर्ग?

दोन्ही. पण एकच निवडायचं झालं तर वर्ग. बसमध्ये अंताक्षरी होते, नाही असं नाही, पण जुन्नर सोडल्यावर सर माइक मागून घेतात आणि मग नाशिक येईपर्यंत तो परत मिळेल याची खात्री नाही. सहा दिवसांत आपण चार ठिकाणं बघतो. एखादी ट्रॅव्हल कंपनी एवढ्याच दिवसांत बारा दाखवेल. तुम्हाला बारा हवी असतील तर खरंच तिकडे जा. नाइलाजानं आलेला माणूस तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांचाही मूड घालवतो, हे अनुभवानं सांगते.

मी कॉमर्सचा. इतिहास दहावीनंतर सुटला. मला काही कळेल का?

गेल्या खेपेला सर्वात जास्त प्रश्न विचारले ते एका निवृत्त बँक मॅनेजरनी. त्याचं कारणही तसंच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्यानं श्रेणींकडे, म्हणजे विणकरांसारख्या कारागिरांच्या संघांकडे, कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवल्याचं लिहिलंय आणि त्यावरचं व्याजही सांगितलंय: एका श्रेणीकडे शेकडा एक, दुसरीकडे शेकडा पाऊण. व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची, मुद्दलाला हात लावायचा नाही. मॅनेजरसाहेब दहा मिनिटं भिंतीसमोरून हलले नाहीत. "म्हणजे ही फिक्स्ड डिपॉझिटची पावती आहे," असं ते म्हणाले, आणि सरांनी ते वाक्य पुढच्या वर्षीसाठी वहीत टिपून घेतलं.

इंजिनियर मंडळी मॅडमच्या मागे लागतात. एकसंध खडक ओळखायचा कसा, भेग आधी दिसली असेल की नंतर, छत पडलं का नाही. पूर्वतयारी काही लागत नाही. आठवडाभर आधी बारा पानांची टिपणं पाठवतो, ती वाचलीत तर उत्तम.

सर नक्की शिकवतात काय? गाइडपेक्षा वेगळं काय असतं?

एक उदाहरण देते. पहिल्याच दिवशी बसमध्ये एक कागद वाटला जातो, त्यावर ब्राह्मी लिपीतली दहा अक्षरं असतात. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. 'ठ' म्हणजे वर्तुळ. 'ग' म्हणजे घराचं उतरतं छप्पर. 'र' म्हणजे एक उभी रेघ, थोडी नागमोडी. 'न' म्हणजे पाटावर उभी केलेली काठी. नारायणगाव येईपर्यंत लोक एकमेकांची नावं त्यात लिहून दाखवायला लागतात.

दुपारी नाणेघाट. कोकणातून जुन्नरकडे चढणारी सातवाहनांच्या काळची ही व्यापारी वाट, आणि तिच्या माथ्यावर कोरलेली खोली. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही तिथेच आहे. खोलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे: कोणकोणते यज्ञ केले, किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापणं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज तिथे जवळजवळ काहीच उरलेलं नाही, फक्त डोक्यांच्या वर कोरलेली नावं आहेत. सर काही बोलत नाहीत. "तुमचं अक्षर शोधा" एवढंच म्हणतात. मग कोणीतरी ओरडतं, "हा बघा 'क'!" आणि पाच मिनिटांनी तीसएक माणसं 'सिमुक' हे पहिल्या सातवाहन राजाचं नाव भिंतीवर बोट न लावता, हवेत बोट फिरवत वाचत असतात.

तिथले आकडेही बघण्यासारखे आहेत. शून्य वापरून स्थानाप्रमाणे किंमत मांडायची आपली पद्धत तेव्हा नव्हती. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. तीच गोष्ट दोन दिवसांनी नाशिकला पुन्हा भेटते. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख 'सिधं रञो वासिठिपुतस सिरि पुळुमायिस संवछरे एकुनवीसे' असा सुरू होतो (पुळुमावी राजाचं एकोणिसावं वर्ष), आणि एकोणीस हा आकडा दहाचं चिन्ह व त्याला लागून नवाचं चिन्ह असा लिहिलेला आहे. पहिल्या दिवशी पाहिलेलं तिथे आपोआप ओळखू येतं. गाइडकडे एका ठिकाणाचा तास-दीड तास असतो. एका लेण्यात दिसलेली गोष्ट दुसरीकडे नेऊन जोडायला त्याला कोणी वेळ देत नाही, यात त्याचा दोष नाही.

मंगळवारीच का निघायचं? शनिवार-रविवार धरून दोन-तीन दिवसांत बसत नाही का?

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे वाक्य आज मी झोपेतही म्हणून दाखवीन, कारण पहिल्या वर्षी आम्ही बावीस जणांना घेऊन मंगळवारी सकाळी नऊला वेरूळच्या दारात उभे होतो. दार बंद. आखणी माझीच होती, त्यामुळे दोष कोणावर टाकायचीही सोय नव्हती.

सरांनी बस वळवून खुलताबादला नेली. चार-पाच किलोमीटरवर. तिथे मलिक अंबरची कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनेत झुलवणारा आणि 1626 साली वारलेला हा माणूस. सर त्या घुमटाच्या सावलीत दीड तास बोलले. मालोजी भोसले, शहाजीराजे, गनिमी कावा, जमीनमहसूल, सगळं त्यात आलं. त्या वर्षीचे लोक अजून वेरूळच्या कैलास लेण्यापेक्षा त्या सकाळबद्दलच जास्त बोलतात. तरीही पुन्हा असं करायची माझी तयारी नाही. म्हणून मंगळवारी निघायचं, वेरूळ शुक्रवारी, अजिंठा शनिवारी. चार दिवसांची रजा लागेल. ती मिळत नसेल तर पुढच्या वर्षी या.

त्याच रस्त्यावर शिर्डी, शनिशिंगणापूर, त्र्यंबकेश्वर आहे. थांबणार का?

नाही. हा प्रश्न दरवर्षी कमीत कमी सहा जण विचारतात आणि प्रत्येकाला आपणच पहिल्यांदा विचारतोय असं वाटतं.

मात्र दोन देवळं वाटेतच आहेत. लेण्याद्रीचा गिरिजात्मज, अष्टविनायकांपैकी एक, आणि वेरूळचं घृष्णेश्वर, जे लेण्यांपासून अगदी जवळ आहे आणि ज्याचा आजचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांचा. दोन्हीकडे दर्शनाला वेळ ठेवलेला असतो.

येवल्याला पैठणी?

नाशिकहून वेरूळला जाताना येवला लागतंच. पाऊण तास. हातमागावर पदर कसा विणतात ते आधी बघायचं, मग दुकान. पाऊण तासाचा दीड तास होतो हे मला माहीत आहे, म्हणून वेळापत्रकात दीडच तास धरलेला आहे. हे सरांना सांगू नका.

लेण्याद्रीला बौद्ध लेण्यात गणपती, नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवांचं नाव. यावरून वाद होतात का?

होतात. होऊ नयेत असं आम्हाला वाटतही नाही. फक्त आवाज चढवायचा नाही आणि मोबाइलवरचे फॉरवर्ड वाचून दाखवायचे नाहीत, एवढा नियम आहे.

लेण्याद्रीचं सातवं लेणं मुळात भिक्षूंचा विहार आहे. भोवताली भिक्षूंच्या खोल्या, मध्ये खांबाविना मोठं दालन, आणि आज मागच्या भिंतीत गणपती. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन आहे, आत स्तूप. सर आधी लोकांना दोन्ही बघायला लावतात, खोल्या मोजायला लावतात आणि मग विचारतात, "कोणाला काय दिसलं?" डोंगरातल्या लेखात या जागेचं नाव 'कपिचित' असं आलंय. नाशिकच्या डोंगराचं नाव त्रिरश्मी. पांडव नंतर आले, लोकांच्या गोष्टींतून आले, आणि त्या गोष्टींनाही आता स्वतःचा इतिहास आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन (तेव्हाच्या भाषेत ग्रीक) म्हणवणाऱ्या दात्यांचेही लेख आहेत. जागा एकाचीच असते या समजुतीला तिथे दिवसभरात चांगलेच तडे जातात.

एकदा दोन बॅचमेट इतके भांडले की जेवताना वेगवेगळ्या टेबलांवर बसले. समोर मासवडी आली तेव्हा समेट झाला. एका टेबलावर संपली होती.

दोन्ही शिक्षकांचं एकमेकांशी पटतं का?

पटतं, पण एकमत होईलच असं नाही, आणि आम्हाला तेच आवडतं. अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातली लेणी नेमकी कधी कोरली गेली हा जुना वाद आहे. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी उभी हयात अजिंठ्यावर घालवली. त्यांचं म्हणणं असं की वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेमतेम वीस वर्षांत हे बहुतेक सगळं काम झालं. इतर अभ्यासकांना हा काळ फारच आखूड वाटतो. सर निम्मे स्पिंकच्या बाजूचे आहेत. मॅडम त्या वादात पडत नाहीत. त्या थेट चोविसाव्या लेण्यात नेतात. ते अर्धवट राहिलेलं लेणं आहे, त्यामुळे काम कसं चालायचं ते तिथे उघडं दिसतं: आधी लांब चर खणायचे, मधल्या भिंती नंतर फोडायच्या, छताकडून जमिनीकडे उतरत यायचं. "एवढा कातळ किती हातांनी किती दिवसांत निघेल, हिशेब करा," असं त्या म्हणतात. रात्री फर्दापूरच्या मुक्कामात कागद-पेन्सिल घेऊन आठ-दहा जण खरंच हिशेब करत बसतात. दरवर्षी उत्तर वेगळं येतं.

मॅडमचा तास खरं म्हणजे बसच्या खिडकीतूनच सुरू होतो. सह्याद्रीचा हा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर. घाटात कापलेल्या कडेला काळ्या थरांमध्ये मध्येच तांबडा पट्टा दिसतो; दोन प्रवाहांच्या मधल्या काळात वरचा भाग कुजून, भाजून झालेला तो थर. लेणं कोरणाऱ्याला कोणता थर एकसंध आणि कुठे भेग पाण्याला वाट देईल हे कळणं भाग होतं. काही ठिकाणी ते चुकलेही आहेत. चुकलेली जागा दाखवताना मॅडम फार खुशीत असतात.

कैलास लेण्याला किती वेळ मिळतो?

अडीच तास. त्यात पहिला अर्धा तास आत जायचंच नाही. बाजूच्या वाटेनं डोंगरावर चढून वरून खाली बघायचं, कारण ते घडलं वरून खाली. मागची कातळभिंत शंभर फुटांच्या आसपास उंच आहे. कडेला उभं राहिलं की आधी कळस दिसतो आणि जमीन शेवटी. कोरणाऱ्यांनाही ती तशीच शेवटी दिसली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर हे काम मांडतात, म्हणजे आठवं शतक.

उरलेल्या वेळात चौतीसपैकी सात-आठच लेणी बघतो. दहावं चुकवत नाही. त्याला सुताराचं लेणं म्हणतात, कारण छताला लाकडी फासळ्या असाव्यात तशा दगडात कोरल्या आहेत. अशाच फासळ्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहातही दिसतात. लोणावळ्याजवळच्या भाजे-कार्ल्याला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या अजून शिल्लक आहेत. लाकूड गेलं, सवय राहिली. भाजे-कार्ले या सहलीत नाही. ती आपली वेगळी रविवारची फेरी आहे.

अजिंठ्याची चित्रं नीट दिसतात का? फोटो काढता येतात का?

फ्लॅश अजिबात चालत नाही, ट्रायपॉडला पूर्वपरवानगी लागते. साधे फोटो चालतात. आमचा एक जादा नियम आहे: प्रत्येक चित्रांच्या लेण्यात पहिली पाच मिनिटं फोन खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आधी फक्त एक तपकिरी डाग दिसतो. मग हळूहळू मुकुट, मग खाली झुकलेली नजर, मग हातातलं निळं कमळ.

चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठराविकच माणसं सोडतात, त्यामुळे आत व्याख्यान होत नाही. सर बाहेर झाडाखाली आधीच सगळं सांगून घेतात. भिंतीवर माती, तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून केलेला गिलावा, त्यावर पातळ पांढरा हात, मग रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, आणि दुरून व्यापाऱ्यांनी आणलेला निळा लाजवर्दी. ओल्या चुन्यावर रंगवायची युरोपी पद्धत ही नव्हे.

चित्रांच्या नकलांची गोष्ट सरांची खास आहे. दहाव्या लेण्याच्या खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 28 एप्रिल 1819 ही तारीख आपल्या नावासकट खरवडून ठेवली. पुढे मेजर रॉबर्ट गिल यानं वर्षानुवर्षं राहून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. नंतर निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला म्हणून लाखेचा हात दिला, तो पुढे पिवळा पडला. आज आपल्याला दिसतो त्या पिवळेपणात त्याचाही वाटा आहे.

गुडघे दुखतात. जमेल का?

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. पांडवलेण्यांनाही चांगली चढण. अजिंठ्याला आधी पायऱ्या, मग अर्धगोलात चालणं, मधे मधे चढ-उतार. वेरूळ तुलनेनं सोपं. लेण्याद्री आणि अजिंठ्याला डोली मिळते. डोलीत बसायला लोक लाजतात आणि मग दुसऱ्या दिवशी खोलीत पडून राहतात. लाजू नका. आमचे सर पंचाहत्तरीचे आहेत, ते अजिंठ्याला डोलीतून जातात आणि डोलीवाल्यांनाही थांबवून शिकवतात.

हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारूनच नाव द्या आणि आम्हालाही सांगा. आम्ही चहाटळपणा करत नाही.

पावसाळ्यात का नाही? नाणेघाटाचा उलटा धबधबा फार सुंदर असतो म्हणे.

असतो. तो बघायला आपापल्या गाडीनं जा आणि गर्दीत उभे राहा. धुक्यात भिंतीवरचं अक्षर दिसत नाही.

परदेशातून येतोय. तिकीट, कागदपत्रं?

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असेल तर स्मारकांच्या प्रवेशाला भारतीयांइतकंच शुल्क लागतं. तसा नियम आहे. मूळ कार्ड जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर खिडकीवरचा माणूस हुज्जत घालू शकतो. कार्ड नसलेल्या परदेशी पासपोर्टधारकांना वेगळा, बराच जास्त दर पडतो. तो फरक ज्याचा त्यानं भरायचा.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापकांबरोबरच्या सहलींचे वेगळे विभागच असतात. तिथून आलेले आपले लोक विचारतात, "तुमचं ऑफिस कुठे?" ऑफिस म्हणजे माझं स्वयंपाकघर.

वर्गणीत काय काय येतं?

बस, पाच मुक्काम (दोघांत एक खोली), सकाळचा नाश्ता, दोन्ही वेळची जेवणं, प्रवेश-तिकिटं, अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यापासून लेण्यांपर्यंतची बस, टिपणं. शिक्षक मानधन घेत नाहीत, त्यांचा प्रवास-मुक्काम सगळ्यांच्या वर्गणीतून होतो. डोली, पैठणी आणि दुपारचा तिसरा चहा आपापला.

जेवणाचं काय? पथ्य आहे.

जुन्नरला मासवडी, नाशिकला मिसळ, फर्दापूरला खानदेशी थाट: शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. तिखट कमी हवं, जैन हवं, साखर चालत नाही, हे नाव देतानाच लिहा. आयत्या वेळी सांगितलंत तर दहीभात.

जोडीदाराला आणू का? मुलांना?

जोडीदार जरूर, कॉलेज कुठलंही असो. बारा वर्षांखालची मुलं नकोत; त्यांचा दोष नाही, सर एका खांबापाशी चाळीस मिनिटं थांबतात. एकट्या येणाऱ्या बायकांना एकटीशीच खोली जुळवून देतो, शक्यतो जवळच्या बॅचमधली.

नाव रद्द केलं तर?

पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत. त्यानंतर तुमच्या जागी कोणी मिळालं तर परत, नाही तर हॉटेल कापतं तेवढे कापून.

शेवटी परीक्षा असते का?

नसते. शनिवारी रात्री प्रत्येकानं पाच दिवसांत पाहिलेल्या एकाच गोष्टीबद्दल दोन मिनिटं बोलायचं. "सगळंच छान होतं" म्हणणाऱ्याला सर पुन्हा उभं करतात.

बरोबर काय आणायचं?

पकड असलेले बूट, टोपी, पाण्याची बाटली, पहाटेसाठी स्वेटर आणि एक लहान टॉर्च. टॉर्च अक्षरांवर समोरून मारायची नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरायची, म्हणजे खाचांत सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून ओळी वर येतात. नाणेघाट आणि नाशिकला ती लागेल. अजिंठ्याला ती बसमध्येच ठेवून उतरा.